सहावी लाइन

"कोपर बुडवून बघ. तळहाताला काय विचारतेस? तो सोसायला शिकलेला असतो." सासूबाईंचा हा आवाज तेवीस वर्षांपूर्वीचा, पण आज सकाळी सव्वाअकरा वाजता, ऑफिसातल्या टेबलापाशी, फोन कानाला लावलेला असताना, तो इतका जवळून ऐकू आला की मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त नकाशांचं कपाट होतं. तेव्हा मी वीस दिवसांच्या बाळाला छातीशी धरून न्हाणीघराच्या दारात उभी होते आणि मनातून धुमसत होते. मोठमोठ्या इमारतींत गरम पाणी कसं फिरवायचं याचीच तर मला नोकरी होती. पाण्याचं तापमान मला या शिकवणार? पण आवाज चढवायचा नाही हा माझा नेम, म्हणून गप्प राहिले आणि कोपर बुडवलं. चटका बसला. तळहाताला ते पाणी अगदी बेताचं वाटलं होतं.

फोनवर बोलत होती ती वृद्धनिवासातली सातव्या मजल्यावरची सेविका. "ताई, रागावू नका, पण तुमच्या सासूबाई गार पाण्यानं आंघोळ करतात. रोज. आज चादर बदलायला लवकर गेले म्हणून दिसलं. बोटं निळी पडलेली, दात वाजतायत, आणि वर मलाच विचारतात, तुझ्या लेकीचा खोकला गेला का." मी म्हटलं, "पण तिथे गरम पाणी येतं ना?" ती म्हणाली, "येतं की. नळ सोडून ठेवला की सहा-सात मिनिटांनी छान कढत येतं. आमच्या टोकाला सगळे तसंच करतात. आजीच सोडत नाहीत. त्यांचा तो नेम आहे ना."

तो नेम मला ठाऊक होता. एक बादली. नळ उघडल्यावर जे पाणी येईल त्याच्या पहिल्या थेंबापासून भरलेली एक बादली, आणि तेवढ्यातच आंघोळ. मोरीत फुकट काही जाऊ द्यायचं नाही. कधी घेतला, कशासाठी घेतला, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या नेमाची चौकशी करायची नाही, हे आमच्या घरात न बोलताच ठरलेलं होतं. माझा नेम मी रोज सकाळी जप झाल्यावर मनातल्या मनात नव्यानं घेते, त्या एका दिवसापुरता, कारण जन्माचा नेम घेण्याइतका माझा माझ्यावर भरवसा नाही. नळ उघडला की पहिलं पाणी गार असणार हे त्यांच्या नेमात कुठे लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या इमारतीनं त्यात घातलं.

आणि मी शब्द दिला होता. आमच्या घराला चार जिने, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे गेलेले. वृद्धनिवासात जायचं त्यांनीच ठरवलं, आम्ही नको-नको म्हणत राहिलो आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं म्हणून आणखी जोरात नको म्हणालो. खोली मिळाली ती सातव्या मजल्याच्या अगदी टोकाची, शेवटची. त्या म्हणाल्या, "बरंय, एकांत आहे." खिडकीतून दिसत काही नव्हतं, समोरच्या गच्चीवरच्या टाक्या आणि वाळत घातलेली कुणाची तरी पँट. मला एकदम काहीतरी द्यावंसं वाटलं. म्हटलं, "आई, या इमारतीचं गरम पाणी मी केलंय. नळाची चावी फिरवल्याबरोबर गरम येईल. पहिल्या थेंबापासून. माझा शब्द." त्या म्हणाल्या, "तू केलंस म्हणजे येणारच." त्याला आता चौदा महिने झाले. दर रविवारी मी जाते, फळं ठेवते, औषधांची पाकिटं मोजते आणि निघताना दारातून विचारते, "पाणी गरम येतं ना?" आणि त्या म्हणतात, "अगं, काय विचारतेस!" हे मी साठ वेळा ऐकलं आणि साठ वेळा होकार म्हणून घरी घेऊन गेले. फोन ठेवल्यावर ते तीन शब्द मी पुन्हा पुन्हा जिभेवर फिरवले. त्यात होकार कुठेच नव्हता. नकारही नव्हता. बाई खोटं बोलली नव्हती, एकदाही.

साडेअकराला बैठक होती, आणि नेमकी त्याच इमारतीची. वृद्धनिवासाची वरची टाकी रोज दुपारी बाराच्या आत तळ गाठते, अशी व्यवस्थापकांची चिठ्ठी आली होती. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे दुप्पटराव म्हणतो कारण ते कुठलाही हिशेब शेवटच्या ओळीत दुप्पट करतात आणि मग समाधानानं पेनाचं टोपण लावतात, त्यांनी टेबलावर नकाशा पसरला होता. पाण्याची मागणी वाढली आहे, म्हणून आणखी एक टाकी. आणि गरम पाण्याचा पंप दुप्पट मोठा. नकाशाच्या कोपऱ्यात माझ्या सहीची चौकट रिकामी होती. मी त्या चौकटीकडे बघत बसले आणि मला एकाएकी कळलं की टाकी का रिकामी होते. अर्ध्या इमारतीत रोज सकाळी शंभरावर माणसं नळ सोडून, पंचा खांद्यावर टाकून, पाणी कढत होण्याची वाट बघत उभी असतात. मोरीत चाललेलं ते सगळं पाणी मला दिसलं. अगदी ऐकू आलं.

खरं तर त्या पाण्याची वाट बघावी लागू नये म्हणूनच तर माझा धंदा आहे. तळघरात पाणी तापतं, सहा उभ्या लाइनींनी सात मजले चढतं, आणि कुणी नळ उघडला नाही तर पाइपात उभं राहून गार होतं. म्हणून वरून एक बारीक परतीची लाइन खाली आणायची, तिला पंप लावायचा, आणि पाणी सतत फिरतं ठेवायचं. कुणी मागो न मागो, प्रत्येक नळाच्या मागे गरम पाणी हजर हवं. पण पाणी आळशी असतं. जवळची वाट मोकळी दिसली की ते तिथूनच वळून घरी येतं. तळघराला लागून असलेली पहिली लाइन, मग दुसरी. सहाव्या लाइनीच्या टोकापर्यंत जायला त्याला कुणी भाग पाडलं तरच ते जातं. म्हणून परतीच्या प्रत्येक लाइनीला एक व्हॉल्व्ह असतो आणि पहिल्याचा गळा आवळावा लागतो, अगदी थेंबाथेंबानं, दुसऱ्याचा थोडा कमी, असं करत सहावा सताड उघडा. तो आवळण्याचा हिशेब माझा. तो करताना मी तीन आठवडे नीट झोपले नव्हते, आणि एकदा भाजीत दोनदा मीठ घातलं होतं.

"मोठा पंप लावून सहाव्या लाइनीला काही होणार नाही," मी म्हटलं. "तो पहिलीतूनच दुप्पट पाणी पळवेल. वळणावरचे पाइप आतून झिजतील, आवाज येईल, बस्स."

"काय म्हणालात?" दुप्पटराव कानाला हात लावून पुढे झुकले. "अहो मॅडम, जरा मोठ्यानं. मुंग्यांची सभा आहे का ही?"

सगळे हसले. मीही हसले, तशी सवयच आहे. मी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात, की पंपाचा प्रश्न नाही, टोकाला पहिलं पाणी गार येतं, व्हॉल्व्ह कुणीतरी हलवले असणार.

"गार येतं? कोण म्हणतं?" त्यांनी शेजारची फाइल माझ्यापुढे सरकवली. "हे बघा. दर तीन महिन्यांनी तपासणी. पाच अहवाल. दोनशे चाळीस नळ. एक आकडा पन्नासच्या खाली दाखवा. आणि खाली सही कुणाची? आमची का?"

सही माझीच होती, पाचही वेळा. हिरव्या शाईत, कारण अहवालांसाठी मी हिरवी शाई वापरते. आकडेही खरे होते. तपासणीसानं काहीच लबाडी केलेली नव्हती. त्यानं नळ उघडला, थांबला, आणि थर्मामीटर धरला. का थांबला, तर तपासणीच्या फॉर्मवर वरच्या ओळीत छापलंय: पाण्याचं तापमान स्थिर झाल्यावर आकडा लिहावा. ती ओळ कुणी लिहिली? मीच लिहिली. सात-आठ वर्षांपूर्वी, एका पावसाळी दुपारी, आकडे इकडेतिकडे उड्या मारतात म्हणून वैतागून, शास्त्रशुद्ध काहीतरी लिहिल्याच्या आनंदात. गार पाणी वाहून जाऊ द्या आणि मग विचारा की पाणी गरम आहे का. दोनशे चाळीस नळांना पाच वेळा मी हा प्रश्न विचारला, आणि दोनशे चाळीस नळांनी मला हवं ते उत्तर दिलं. सगळ्या इमारतीत खरा आकडा एकाच ठिकाणी नोंदला जात होता, रोज पहाटे साडेपाचला, एका प्लॅस्टिकच्या बादलीत. आणि तो थर्मामीटर माझी अब्रू राखायला गप्प बसला होता.

हे त्या बैठकीत बोलायला हवं होतं. शब्द जुळवले होते, ओठांपर्यंत आले होते. पण दुप्पटराव तोवर टाकीच्या पायाबद्दल बोलायला लागले होते, कुणीतरी चहा सांगितला, आणि माझा आवाज त्या कपबश्यांच्या खणखणाटाखाली असा गेला की मी बोलले की नाही हे मलाच नक्की सांगता येईना. असं नेहमी होतं. मला कधीकधी शंका येते की माझा नेम हा नेम नाहीच, नुसता भित्रेपणा आहे, मी त्याला देव्हाऱ्यात बसवलाय. "सही?" दुप्पटरावांनी पेन पुढे केलं. "उद्या करते," मी म्हटलं. "उद्या म्हणजे उद्या हं. तुमचा उद्या फार लांबचा असतो." पुन्हा हशा. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. राग होता, पण तो कुणावर ठेवायचा ते सुचत नव्हतं. दुप्पटरावांवर ठेवला तर घसरत होता, फॉर्मवर ठेवला तर माझ्याच अक्षराशी येऊन थांबत होता.

बसमध्ये नवऱ्याला फोन केला. ऐकून ते म्हणाले, "आईचं तसंच आहे. ती सांगत नाही, तू विचारत नाहीस, आणि शेवटी दोघी मिळून मला फोन करता." "मी दर रविवारी विचारते," मी म्हटलं. "दारातून," ते म्हणाले. काही वाईट हेतूनं नाही म्हणाले. पण तो शब्द बसच्या खिडकीच्या गजासारखा पुढचे चार थांबे माझ्या कपाळाला टेकून राहिला. बाळाला न्हाऊ घालताना सासूबाई दारातून कधी काही विचारत नसत. बाही वर सारून आत येत, पाटाशेजारी बसत, आणि आधी त्यांचं कोपर, मग माझं. दोघींच्या कोपरांचं एकमत झाल्याशिवाय बाळाला पाणी लागलं नाही.

वृद्धनिवासाच्या तळघरात पंपमामा भेटले. साठीचे, स्वच्छ कपडे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा; पंपांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. तळघर त्यांनी देवघरासारखं ठेवलंय. परतीच्या सहा लाइनी छताजवळून ओळीनं येतात, सहा व्हॉल्व्हची सहा पितळी चाकं चकाचक पुसलेली. आणि सहाही सताड उघडी.

"मामा, ही कुणी उघडली?"

"मीच." त्यांचा चेहरा फुलला. "बाई, काय सांगू, मी इथे आलो तेव्हा सगळी अर्धवट मिटलेली. एक तर एवढंसं उघडं, एक त्याच्याहून जरा जास्त. कुणीतरी काम टाकून गेलेला. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही. सहा लाइनी म्हणजे सहा लेकी. एकीला पोटभर आणि एकीला घास, असं कसं चालेल? सगळ्यांना सारखं उघडलं. कुणावर अन्याय नको."

काम टाकून गेलेली ती मी. माझे ते तीन आठवडे. त्यांच्या बोलण्यात खोट कुठेच नव्हती. चाकं मिटलेली दिसली म्हणून माणसानं ती उघडली. ती का मिटलेली आहेत, याची एक चिठ्ठीसुद्धा मी तिथे लावली नव्हती. हिशेब फाइलीत होता, फाइल ऑफिसात होती, आणि ऑफिस कुलपात. मी त्यांना समजावलं. पहिलीचा हात धरला नाही तर सहावीपर्यंत काही पोचत नाही, हे त्यांच्याच लेकींच्या भाषेत सांगितलं. त्यांनी सहाव्या चाकावरून हात फिरवला. "म्हणजे मी इतके दिवस पुसत होतो," ते म्हणाले, "आणि ती उपाशी होती?" मग हळूच विचारलं, "वर कुणाला त्रास झाला का?" मी म्हटलं, "बघून येते."

सातव्या मजल्याच्या त्या लांब बोळातून चालताना प्रत्येक दारामागे नळाचा आवाज ऐकू येतोय असं वाटत होतं. दुपारचे दोन वाजले होते, कुठलाच नळ चालू नव्हता. सासूबाई खिडकीशी बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. "आज कुठला रविवार काढलास?" मी सरळ मोरीत गेले, बाही वर केली, नळ उघडला आणि पाणी पडायला लागल्याबरोबर त्याखाली कोपर धरलं. दुपारी, बाहेर ऊन असताना, पाणी असं गार होतं की हाड दुखलं. पहाटे ते कसं लागत असेल? मी नळ बंद केला. खाली बादली ठेवायला विसरले होते. ओंजळभर पाणी मोरीत गेलं. दारात त्या उभ्या होत्या, आणि त्यांनी त्या ओंजळभर पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? उन्हाळ्यात बरंच वाटतं."

"आणि थंडीत?"

"थंडीत लवकर आटपतं." त्या हसल्या. "अगं, खाली पाटीवर तुमच्या कचेरीचं नाव आहे. सगळ्यांना मी सांगितलंय, पाणी माझ्या सुनेनं केलंय. शेजारच्या मास्तरीणबाई रोज दीड बादली मोरीत सोडतात आणि वर देवाला म्हणतात, माफ कर. त्यांनासुद्धा मी म्हणते, येईल हो, जरा धीर धरा. मग मीच कशी ओरडू?"

"अहो आई, पण मला तरी सांगायचं! मला! चौदा महिने! मी विचारत होते ना!" आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तो माझा आहे हे मला कळलं. बोळात कुणाचं तरी दार उघडलं आणि पुन्हा लागलं. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला होता. दुप्पटरावांवर नाही, तपासणीसावर नाही. चढला तो या बाईवर चढला, जिची बोटं सकाळी निळी होती.

त्या माझ्याशेजारी बसायला गेल्या, गुडघ्यांनी बसू दिलं नाही, म्हणून भिंतीला धरून उभ्याच राहिल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वाट बघत होते. मला वाटलं, ही मला परकीच समजते की काय."

"नेम मोडला," मी म्हटलं.

"उद्या सकाळी पुन्हा घे. तुझा एका दिवसाचाच असतो ना?"

मी वर पाहिलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या तेलाचे हात पदराला पुसत होत्या, फार लक्षपूर्वक.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. व्हॉल्व्हचं, पंपमामांच्या सहा लेकींचं, आणि फॉर्मवरच्या त्या ओळीचंही, ती माझीच आहे हे. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे पाणी गरम झाल्यावर बघायचं, की गरम आहे का?" आणि मग त्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मलाही हसू यायला लागलं तेव्हा त्या एकदम थांबल्या. "तू ती ओळ खोडणार आहेस ना? सही तुझी आहे म्हणून विचारते."

"खोडणार. माझ्या नावानं कळवणार, पाचही अहवाल चुकीचे म्हणून. पंपावर सही करणार नाही."

"तुझे साहेब ओरडतील."

"ओरडू देत."

"मग उद्या गरम पाण्यालाच लावते बादली."

होय म्हणायचा मोह झाला. तोंडात होय आलंच होतं, चौदा महिन्यांपूर्वी आलं होतं तसंच, काहीतरी द्यावंसं वाटल्यावर येतं तसं. "उद्या नाही होणार," मी म्हटलं. "एक चाक थोडं फिरवलं की पाणी जागेवर यायला तास-दोन तास जातात. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. चार दिवस लागतील, पाचही लागतील. तोवर सेविका खालच्या, पहिल्या लाइनीच्या नळाची बादली आणून देईल; तिथे पहिल्या थेंबापासून गरम येतं, तुमचा नेम मोडणार नाही. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला मी इथे असेन. मोरीत. दारात नाही."

 माझं कोपर अजून ओलं होतं. त्यांनी पदराच्या कोरड्या टोकानं ते पुसलं, बाळाचं पुसतात तसं, दुमडीतही.

पर्समध्ये तपासणीचा एक कोरा फॉर्म होता. खिडकीच्या कठड्यावर ठेवून वरची ओळ मी हिरव्या शाईनं खोडली आणि लिहिलं: नळ उघडल्याबरोबर, पहिल्या पाण्याचा आकडा लिहावा. पहिल्या रकान्यात सहावी लाइन, सातवा मजला, शेवटची खोली. फोन दोनदा थरथरला, दुप्पटरावांचं नाव दिसलं; तो पालथा करून पर्समध्ये टाकला. बाही खाली करायला घेतली आणि तशीच राहू दिली. "हळू जा गं, जिना ओला असतो," मागून आवाज आला. लिफ्ट उभी होती. मी जिन्यानं निघाले, प्रत्येक मजल्यावर सहाव्या लाइनीच्या पाइपावर कोपर टेकवत, खाली, जिथे पंपमामा पहिल्या चाकापाशी माझी वाट बघत होते.